झोळीवाला बुवा आणि फॉरवर्ड केलेला मेसेज

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत कल्याणच्या एका ताईंनी विचारलं होतं, की चांगली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा मोबाईलवर आलेल्या खोट्या बातमीवर विश्वास कसा ठेवतात? वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही दोन वाक्यांत उत्तर उरकलं. घरी जाताना ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. तेव्हा आजचा पूर्ण तास त्या प्रश्नाला.

सुरुवात स्वतःपासून करू. २०१८ चा जून महिना. आम्ही कल्याणहून डोंबिवलीला येत होतो. गाडी ठाकुर्लीला थांबली असताना मावशीचा मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, साधू-भिकाऱ्यांच्या वेषात फिरतात, शाळेतून मुलांना आणायला स्वतः जा, पोलिसांनी कळवलं आहे, सगळ्या ग्रुपवर पाठवा. सोबत एक व्हिडिओ. मोटरसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात. डोंबिवलीला उतरेपर्यंत आम्ही तो तीन ग्रुपवर पाठवला होता. ठाकुर्ली ते डोंबिवली म्हणजे किती वेळ, ते तुम्हाला सांगायला नको. इतिहासाची साधनं तपासून घ्यावीत असं विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलेली आम्ही माणसं!

तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. कराचीतल्या एका मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी केलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मोटरसायकलवरून परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि मूल पळवणं किती सोपं आहे असं सांगणारा फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कोणीतरी कापला होता. बाकी एकही चित्र बनावट नव्हतं, हे लक्षात ठेवा. याकडे परत यायचं आहे.

१ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. तिथे पाच जण आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारा हा समाज. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना मारायला सुरुवात केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठार केलं. पाचही जणांना. त्याच सुमारास मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवलं, त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. राईनपाड्यात पोलीस वेळेत पोचू शकले नाहीत. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

आमच्या तीन ग्रुपवरून तो मेसेज राईनपाड्याला गेला असेल असं आम्ही म्हणत नाही. गेला नसेल असंही छातीठोक सांगता येत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं, की हा व्हॉट्सॲपचा दोष. कंपनीनेही ते थोडंफार मान्य केलं असावं. त्याच जुलैमध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. पण आपण इतिहासाची माणसं. आपण विचारायचं, की मोबाईल नव्हता तेव्हा काय होत होतं?

तेव्हा सव्वाशे वर्षं मागे चला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. लोक शहर सोडून पळू लागले, आणि त्यातले बरेच जण रेल्वेने कल्याणवरून जात. कल्याण जंक्शनवर प्रवाशांना उतरवून तपासत, काखा-जांघा चाचपत, संशय आला तर अडकवून ठेवत. घरातल्या बाईला परक्या पुरुषाने असं तपासायचं, या कल्पनेने माणसं प्लेगपेक्षा जास्त हादरली होती. शहरात रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात नेत, आणि नेलेला बहुधा परत येत नसे.

आता या काळातल्या अफवा पाहा. इस्पितळात माणसाला उलटं टांगून, खाली जाळ करून, त्याच्या डोक्यातून थेंब थेंब 'मोमियाई' काढतात, ती गोऱ्या लोकांचं औषध असते. दुसरी अफवा अशी. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. ते आपण केलं असं दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तर लोक म्हणू लागले, की या अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत आणि ती इस्पितळात काढतात. महिनाअखेरीला, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे हाफकिन यांची लस आली तेव्हा तिची सुई हातभर लांब असते, टोचून घेतलं की पुरुषत्व जातं, बायका वांझ होतात, हेही बोललं गेलं. २०२१ मध्ये आपण कोविडच्या लसीबद्दल काय काय ऐकलं ते आठवा आणि पुढे चला.

ही सगळी अज्ञानी माणसांची बडबड म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली. आपल्याकडच्या सुधारकांनाही फार वेगळं वाटत नव्हतं. पण आपण जरा थांबून बघू. मोमियाई हा प्लेगने आणलेला शब्द नव्हता, ती गोष्ट लोकांत आधीपासून होती. मोठा पूल बांधायचा तर पायात माणूस गाडावा लागतो, ही आणखी एक. आपल्या ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये आणि कल्याणपर्यंत १८५४ मध्ये रेल्वे आली, त्या काळी देशात ठिकठिकाणी पुलांची कामं सुरू झाली की ही भीती डोकं वर काढत असे. सरकार आपली माणसं घेऊन जातं आणि त्यांच्या शरीराचं काहीतरी करतं, ही कथा तयारच होती. प्लेगने तिला इस्पितळाचा पत्ता दिला. आणि सरकार खरोखरच माणसं उचलून नेत होतं! अफवेतलं काळीज खोटं होतं, उचलून नेणं खरं होतं.

इथे एका माणसाचं नाव सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नसतं. जमुना प्रसाद. बिहारचे मानसशास्त्रज्ञ. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. प्रसाद यांनी भूकंपानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. जिथे हादरा जोरात बसला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या या अफवा होत्या. तिथे लोक काय बोलत होते? याहून मोठा भूकंप येणार, पूर येणार, अमुक तारखेला प्रलय होणार. आता हे चमत्कारिक नाही का? संकटातून वाचलेला माणूस स्वतःला धीर देणाऱ्या गोष्टी सांगेल असं आपल्याला वाटतं. हे तर आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी सांगत होते.

पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला या निबंधाने विचारात पाडलं. १९५७ मध्ये त्याचं जे गाजलेलं पुस्तक आलं, त्यातल्या विचाराची सुरुवात या बिहारी अफवांपासून झाली असं त्याने स्वतः लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. भीती आधीच अंगात शिरली होती, पण आजूबाजूला भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. घर शाबूत, विहीर शाबूत, आणि छातीत धडधड. मग त्या धडधडीला शोभेल असं कारण माणसं शोधत होती. याला जोड म्हणून त्याने दुर्गानंद सिन्हा यांचा अभ्यास घेतला. दार्जिलिंगला दरडी कोसळल्या तेव्हा जिथे खरोखर माणसं मेली, घरं गेली, तिथे असल्या पुढच्या प्रलयाच्या अफवा सिन्हांना आढळल्या नाहीत. त्या लोकांची भीती समोर चिखलात पडलेली होती. तिला वेगळं कारण लागत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला २००५ चा पाऊस आठवला. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली, वीज गेली, फोन गेले, माणसं रुळांवरून चालत घरी आली. आणि २८ तारखेला, पाणी ओसरत असताना, मुंबईत विलेपार्ल्याजवळच्या नेहरूनगर वस्तीत कोणीतरी ओरडलं. कोणी म्हणालं धरण फुटलं, कोणी म्हणालं त्सुनामी आली. अंधाऱ्या अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं होती. त्सुनामी हा शब्द आपल्याला नीट कळून जेमतेम सात महिने झाले होते. धरणाचं म्हणाल तर १९६१ च्या पानशेतनंतर महाराष्ट्रात 'धरण फुटलं' या दोन शब्दांवर कोणी पुरावा मागत नाही. आपल्याच बदलापूर-कल्याण पट्ट्यात मोठा पाऊस झाला की कोणीतरी बारवीचं नाव काढतोच. त्याला मूर्ख म्हणण्याआधी विचार करा, की पुण्यात त्या सकाळी जे लोक वेळेवर पळाले तेही ऐकीव बातमीवरच पळाले होते.

मग कोणी म्हणेल, की भीतीचं ठीक आहे, पण शिक्षणाचं काय? तर २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. गणपती दूध पितो! पहाटे दिल्लीकडून बातमी निघाली आणि दुपारपर्यंत डोंबिवलीत देवळाबाहेर रांगा. मोबाईल नाही, इंटरनेट नाही. साधा फोन, एसटीडीचे बूथ आणि लोकलमधले ग्रुप. बँकेतले, शाळेतले, कारखान्यातले लोक हातात वाटी-चमचा घेऊन उभे होते. डोंबिवली किती साक्षर, किती सुसंस्कृत हे आपण सगळीकडे सांगत असतो. रांग काही छोटी नव्हती. आम्हीही त्या रांगेत होतो, देव दूध पितो का हे बघायला, असं आम्ही तेव्हा म्हणालो.

आणि चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञांनी समजावलं, की चमचा तिरका धरून मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरतं. दुधात रंग मिसळून त्यांनी ओघळ दाखवला. म्हणजे पाहणारा खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं ते खरं होतं, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. कराचीच्या व्हिडिओचं हेच झालं. आपण म्हणतो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बघितलं होतं की!

त्यात आपल्या डोंबिवलीची एक वेगळीच पंचाईत आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथे एमआयडीसीच्या भागात हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला, रसायन सांडून. या दोन्ही बातम्या खऱ्या. बाहेरगावच्या पाहुण्याला सांगा, तो म्हणेल काहीतरी फेकताय. ज्या गावात हिरवा पाऊस खरा निघतो तिथल्या माणसाने 'हे शक्यच नाही' असं कशाच्या जोरावर म्हणायचं? रात्री उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, कुठल्या कारखान्यातून काय सुटलं ते सांगणारं कोणी नसतं. अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर जो पहिला काहीतरी सांगेल त्याचं ऐकलं जातं. तो खरं सांगतो म्हणून नव्हे. तो सांगतो म्हणून.

२०१८ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास त्यांनी तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. कारण त्यांनी असं सुचवलं, की खोटी बातमी जास्त नवी वाटते. आकडा मान्य. कारणाबद्दल आम्हाला थोडी भर घालायची आहे. बातमी नवी वाटते हे खरं, पण तिच्या आतली गोष्ट फार जुनी असते.

मावशीच्या मेसेजमध्ये नवीन काय होतं? आपल्या भागाचं नाव, 'पोलिसांनी कळवलं आहे' आणि व्हिडिओ. बाकी गोष्ट आपल्याला तिसऱ्या वर्षापासून पाठ आहे. गपचूप जेव, नाहीतर तो बघ बुवा आला, झोळीत घालून नेईल. झोळी कोणाच्या खांद्यावर असते? गोसाव्याच्या, जोग्याच्या, भटक्याच्या. प्रत्येक घास या माणसाच्या नावाने आपल्या तोंडात गेलेला आहे. आपल्या आईने हे सांगितलं, तिच्या आईने तिला. कोणाच्या मनात पाप नव्हतं, पोरगं जेवत नव्हतं एवढंच. पण पस्तीस-चाळीस वर्षांनी मोबाईलवर तोच बुवा दिसला तेव्हा आम्ही त्याला लगेच ओळखलं. चौकशीची गरजच वाटली नाही, कारण ओळख जुनी होती. आणि सांगणारी पुन्हा मावशीच!

वरून या भीतीवर सरकारी शिक्काही बसलेला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यावर हजेऱ्या लावल्या. १९५२ मध्ये त्या जमाती या कायद्यातून मुक्त झाल्या. कायदा गेला, पण फिरस्त्या माणसाकडे बघण्याची नजर गेली नाही. गाव बदललं, चाळीची सोसायटी झाली, गेटवर कॅमेरे आले. फिरस्ता अजून गेटबाहेरच.

आणि आता पालघर. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून हे लांबचं समजू नका. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे कांदिवलीहून सुरतकडे अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने मारून टाकलं. पोलीस तिथे होते. त्या भागात कित्येक रात्री चोर आले, मुलं पळवणारे आले अशा अफवा फिरत होत्या, गावकरी काठ्या घेऊन जागत होते. फेस्टिंजरचं म्हणणं इथे लावून बघा. मार्चपासून सगळं बंद. बाहेरचा माणूस रोग घेऊन येतो असं सरकारच सांगत होतं. काम गेलेलं, रोग डोळ्यांना दिसत नाही, शत्रू कुठे आहे कळत नाही. त्या न दिसणाऱ्या भीतीला रात्रीच्या गाडीतली माणसं सापडली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. हत्येची बातमी शहरांत पोचली आणि काही तासांत दुसरी अफवा तयार झाली, की मारणारे मुसलमान होते. तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, की त्यात एकही मुसलमान नाही. गडचिंचल्याच्या आदिवासींना अडाणी म्हणणारे आपण शहरी लोक ही दुसरी अफवा एसी खोलीत बसून वाचत होतो आणि पुढे ढकलत होतो. त्यांची भीती त्यांच्या जुन्या गोष्टीला जाऊन चिकटली, आपला राग आपल्या जुन्या गोष्टीला. आम्हाला तरी दोन्हींत फार फरक करता येत नाही. असलाच तर एवढा, की ते अंधारात उभे होते.

पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात पुन्हा चार साधूंना मुलं पळवणारे म्हणून मारहाण झाली. ते वाचले. फॉरवर्डची मर्यादा तोवर चार वर्षं जुनी झाली होती.

ताईंच्या प्रश्नाकडे परत येताना एक राहिलेलं सांगतो. राईनपाड्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर एक गोसावी आला होता. वयस्क, भगवं धोतर, हातात डौर, खांद्यावर झोळी. पूर्वी असा कोणी आला की कोणीतरी पसाभर तांदूळ घेऊन खाली जायचं. त्या दिवशी वॉचमनने त्याला बाहेरच उभं केलं. खाली खेळणाऱ्या मुलांना आयांनी हाका मारून वर घेतलं. दोन तरुण पोरांनी त्याचा फोटो काढला. तो हसला, त्याला वाटलं हौसेने काढताहेत. फोटो लगेच ग्रुपवर आला, खाली प्रश्न होता: हा कोण आहे, कोणी ओळखतं का? आम्ही खिडकीत उभे राहून पाहत होतो. खाली गेलो नाही. पाचेक मिनिटं डौर वाजवून तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला.

सोमवारी टीव्हीवर बातमी आली. आम्ही तिन्ही ग्रुपवर लिहिलं, की आपण पाठवलेला मेसेज खोटा होता, माफ करा. एका ग्रुपवर दोन अंगठे आले, दुसऱ्यावर काहीच नाही. तिसऱ्यावर, म्हणजे घरच्या ग्रुपवर, मावशीने लिहिलं, बरं झालं सांगितलंस, पण काळजी घेतलेली बरी. त्याच्या खाली कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं होतं. गोसाव्याचा तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर अजून आहे. वर सरकवत गेलं की सापडतो. खालच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं नाही.